सात मतपत्रिकांवरचा श्री

सुलभा जगताप, वय एकसष्ट, यांचं जर्मनीतलं पहिलं मत गेल्या मार्चमधल्या एका रविवारी, संध्याकाळी पावणेसातला बाद झालं. त्यांच्याबरोबर आणखी सहा जणांचं. सातही जण मराठी, सातही रीतसर जर्मन नागरिक, आणि सातही कागदांवर फुली कुठे आहे ते शेंबडं पोरही सांगेल. हे कसं झालं ते मला पक्कं ठाऊक आहे. त्यातली अर्धी चूक माझी आहे. उरलेल्या अर्ध्या चुकीबद्दल मी कोणाला माफ केलेलं नाही.

माझं काम कॅम्पेनिंगचं. स्टुटगार्टजवळच्या एका लहानशा ऑफिसातून आम्ही नागरिकांच्या गटांना पत्रकं लिहून देतो आणि कोणी कुठली दारं वाजवायची ते आखून देतो. पत्रकं मी पुण्यात होस्टेलच्या पाण्यासाठी लिहायला लागले, ती सवय इथे पोटापाण्याचा धंदा झाली. पासपोर्ट माझा भारतीय. म्हणजे मी मतं मागू शकते, देऊ शकत नाही. त्यावर वेगळं पत्रक लिहीन कधीतरी.

प्रश्न एका प्राथमिक शाळेचा होता. गावाचं नाव सांगत नाही. गेर्लिंगेनहून बसने अर्धा तास, एवढं पुरे. नगरपालिकेने ठरवलं की एका वस्तीतली छोटी शाळा बंद करायची आणि सहा वर्षांच्या पोरांना हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत बसने पाठवायचं. पालकांनी सह्या गोळा केल्या आणि ब्युर्गरएन्टशाईड लागला. म्हणजे एकाच प्रश्नावर सगळ्या गावाचं मतदान. शाळा राहावी का? 'या' म्हणजे हो, किंवा 'नाइन' म्हणजे नाही.

यात एक मेख असते. 'या'वाले नुसते जास्त असून भागत नाही. गावातल्या एकूण मतदारांपैकी पाचव्या हिश्श्याने तरी 'या' म्हणावं लागतं. याला क्वोरुम म्हणतात. लोक घरी कॉफी पीत बसले, तर विरोधात कोणी नसतानाही शाळा जाते.

सुलभाकाकूंची नात मीरा सप्टेंबरात याच शाळेत पहिलीत जाणार होती. घरापासून शाळा चार मिनिटं. काकूंनी मोजलेली. "तिला मी सोडणार आणि मीच आणणार," त्या म्हणायच्या, "तेवढ्या चार मिनिटांत तरी ती माझ्याशी मराठी बोलेल." मीरा आजीला सगळं जर्मनमध्येच उत्तर द्यायची. अठरा वर्षं इथे काढल्यावर काकूंनी आदल्या वर्षी भारतीय पासपोर्ट परत केला होता. त्याचं त्यांना वाईट वाटलं होतं. तेव्हा हे मत त्यांना हवंच होतं.

मी मराठी पत्रक केलं. चार ओळी मजकूर आणि खाली मतपत्रिकेचा मोठा नमुना, 'या'च्या गोलात फुली मारलेला. काकूंना प्रूफ दाखवलं.

"वर श्री नाही?"

"काकू, पत्रक आहे, पत्रिका नाही."

"म्हणून काय झालं? शुभ काम आहे. माझ्या सासूबाई वाण्याच्या यादीवरसुद्धा श्री लिहायच्या."

मी देव मानत नाही. पण मतदारासमोर हट्ट करायचा नाही, हा धंद्याचा पहिला नियम. मथळ्याच्या वर जागा नव्हती, म्हणून मी श्री नमुन्याच्या चौकटीतच बसवला, वर मधोमध. आमच्या बॉस, फ्राऊ केलर, पत्रक बघून म्हणाल्या, "हे वरचं काय आहे?"

"डेकोरेशन."

"मतपत्रिकेच्या आत?"

"आमच्याकडे असतं असं."

त्यांनी खांदे उडवले. छापून आलं.

मतदान शाळेतच होतं. त्या वस्तीत सात मराठी मतदार, आणि सातही जणांना मी दुपारपर्यंत स्वतः केंद्राच्या दारापर्यंत आणून सोडलं. काकू पैठणीवर जाड जॅकेट घालून आल्या. सातांपैकीच एक, एका कंपनीत डिझाइनला असलेला प्रसाददादा बाहेर येऊन म्हणाला, "चोख काम. अगदी ड्रॉइंगप्रमाणे."

मला तेव्हाच विचारायला हवं होतं की कुठलं ड्रॉइंग.

जर्मनीत मतमोजणी सगळ्यांसाठी खुली असते. कोणीही जावं, भिंतीला टेकून उभं राहावं, बघावं. बोलायचं मात्र नाही. सहाला दार बंद झालं, पेटी टेबलावर उपडी केली आणि केंद्राच्या मंडळाने, म्हणजे वस्तीतल्याच सहा-सात स्वयंसेवकांनी, गठ्ठे लावायला घेतले. 'या'चा गठ्ठा वाढत होता. एकदम एका बाईंनी कागद बाजूला ठेवला. मग दुसरा. मग आणखी. सात झाले. प्रत्येकावर 'या'ला फुली आणि वर मधोमध, निळ्या शाईत, श्री. एक थरथरत्या हाताचा. एक इतका रेखीव, की तो प्रसाददादाचा हे मी शपथेवर सांगेन. इंजिनीअर माणसं. नमुन्यात होतं, तसं केलं.

केंद्रप्रमुख हेर, म्हणजे मिस्टर, लांग. निवृत्त गणित शिक्षक, माणूस सरळ. त्यांनी एक कागद दिव्याखाली धरला.

"आल्झो, तर. गिचमिड आहे. पेन चालतं का बघितलं असेल. फुली स्पष्ट आहे. मी म्हणतो, वैध. कोणाचं काही म्हणणं?"

कोणाचं काही नव्हतं. हात वर जायला लागले होते. मी फक्त गप्प राहायचं होतं.

पण गिचमिड हा शब्द माझ्या डोक्यात गेला. देव न मानणाऱ्या माझ्या डोक्यात.

"ती गिचमिड नाही," मी भिंतीपासून म्हणाले. "ते पवित्र अक्षर आहे. आमचे लोक शुभ कामाच्या आधी लिहितात."

"तुमचे लोक म्हणजे?"

"मराठी."

"इथे मतदार किती आहेत तसे?"

आणि मी अभिमानाने सांगितलं, "सात."

हेर लांगनी कागद पुन्हा मोजले. शेजारच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. मतदार ओळखू येईल अशी खूण मतपत्रिकेवर असली तर ते मत बाद होतं. मत गुप्त राहावं, कोणी कोणाला खूण करायला लावून मत विकत घेऊ नये, म्हणून हा नियम. नियम चांगला आहे. नियम करायला मी असते तर मीही हाच केला असता.

"गेनाऊ, बरोबर," हेर लांग हळू म्हणाले. "हे तुम्ही सांगितलं नसतं तर बरं झालं असतं."

सातही बाद झाली. बाद करण्याच्या विरोधात दोघांनी हात वर केले, ते मी विसरणार नाही.

त्या केंद्रावर शाळेच्या बाजूने भरभरून मतं पडली. 'नाइन'चा गठ्ठा बोटभरसुद्धा नव्हता. पण क्वोरुम सगळ्या गावाचा, आणि टेकडीपलीकडच्या वस्त्यांत लोक घराबाहेर पडलेच नव्हते. रात्री आठला आकडा लागला. क्वोरुम सहा मतांनी हुकला.

सहा.

मी काकूंच्या घरी गेले आणि बुटांसकट दारातच सगळं सांगितलं.  आतून मीरा विचारत होती, कोण आलंय, अर्थात जर्मनमध्ये.

"त्यांनी गिचमिड म्हटलं?" काकू म्हणाल्या.

"हो."

"मग बोललीस ते बरोबर बोललीस." मला आत घेऊन दार लावत त्या म्हणाल्या, "पण ते आठ दिवसांनीही बोलता आलं असतं, गं."

सप्टेंबरपासून मीरा सात वीसच्या बसने जाते. काकू थांब्यापर्यंत सोबत असतात. दीड मिनिट.

मतदारांना नियम समजेल अशा भाषेत न सांगणाऱ्या नगरपालिकेला मी पत्र लिहिलं. मतपत्रिकेवरच सूचना होती, असं उत्तर आलं. होती. बारीक अक्षरात, कार्यालयीन जर्मनमध्ये. माझ्या पत्रकात तर तेवढीही नव्हती. शाळा बंद करणाऱ्यांवर मी चार ओळी लिहिल्या आणि मत कसं द्यायचं यावर एकही नाही. आता माझ्या प्रत्येक पत्रकावर ती पहिली ओळ असते, मथळ्याच्याही वर, जिथे श्री असायचा.

तुम्ही, हे वाचणारे, ज्यांच्या घरी पुढच्या मतदानाचं पाकीट येणार आहे: टेकडीपलीकडे राहत असाल तरी जा. श्री घरून निघताना मनात म्हणा. आत गेल्यावर एक फुली मारा आणि पेन खाली ठेवा.