डब्यातला पंखा

आसावरीने डब्याचे स्क्रू काढून स्टीलच्या वाटीत ठेवले, तेव्हा तिचे बाबा खुर्ची ओढून समोर येऊन बसले. काढलेले स्क्रू वाटीत ठेवायचे, ही त्यांचीच शिकवण. प्रभाकररावांचं सगळं आयुष्य मोहने गावातल्या कारखान्यात मीटर आणि गेज दुरुस्त करण्यात गेलं. कारखाना बंद पडला तेव्हा ते शेजारी आंबिवलीला राहायला आले आणि मग तिथलेच झाले.

"काय बिघडलंय?"

"तापतोय, बाबा. दुपारी बंद पडतो."

"मग पंखा बसव."

"तोच बसवतेय."

स्वयंपाकघरातून हौसाबाईंचा आवाज आला, "डब्याला पंखा! आन् आमी इथं भाकऱ्या थापतो ते दिसत नाय कुनाला." हौसाबाई दिवसभर बाबांना सांभाळायला येत. संध्याकाळी शेजारच्या हेमाताई डोकावत आणि रात्री बाबा गोळीने गाढ झोपत. प्रश्न होता तो दुपारचा, जेवून हौसाबाई आडव्या होत तेव्हाचा.

हा इंटरनेटचा डबा होता. पोळ्यांच्या डब्यापेक्षा चपटा, काळा. नेटची लाइन त्यात येई, टीव्ही त्यावर चाले आणि हॉलच्या कोपऱ्यातला कॅमेराही त्यालाच जोडलेला होता. ठाण्यात वर्तकनगरला स्वतःच्या घरी भाजी चिरताना, बँकेत जेवणाच्या सुट्टीत, आसावरी मोबाइलवर आंबिवलीचा हॉल बघत असे. हॉलमध्ये बाबा बसलेले दिसत. कधी नुसती खुर्ची दिसे.

हा कॅमेरा हौस म्हणून लावलेला नव्हता. फेब्रुवारीत बाबा एका दुपारी घरातून निघाले आणि शहाडच्या पुलाखाली अनवाणी सापडले. पुण्याहून धाकटा भाऊ मुकुल धावत आला. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या बहीण-भावाचं ठरलं, की पुन्हा एकदा असं झालं, तर बाबांना वर्तकनगरला न्यायचं. बाबा दारात उभे राहून ऐकत होते. "मला माझ्या घरातून हलवू नका रे," एवढंच म्हणाले आणि पाणी पिऊन परत गेले. त्यानंतर आसावरीने कॅमेरा आणला. डबा चालू राहिला की आपली नजर राहील, नजर राहिली की बाबा घरी राहतील, असं तिचं साधं गणित होतं.

तिने कल्याणला बी.एस्सी. केलं होतं, फिजिक्स घेऊन. पुढे एम.एस्सी. करायचं होतं. लग्न ठरलं, मग बँकेची परीक्षा, मग उर्वी. नवरा साकेत नोकरीपायी महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं आणि ती करतही नसे. या वर्षी मात्र तिच्या आत काहीतरी बंद पडलं होतं. कामं होत होती, डबे भरले जात होते, पण कशाचं काही वाटत नव्हतं. बारावीतल्या उर्वीने चाचणीत नापास झाल्याचं सांगितलं, तेव्हा ती "बरं" म्हणाली. उर्वी म्हणाली, "आई, निदान ओरड तरी."

डब्याच्या आत हार्ड डिस्कसाठी जागा होती, ती कंपनीने रिकामीच सोडली होती. साकेतच्या जुन्या लॅपटॉपमधली डिस्क तिने त्यात सरकवली. आता कॅमेऱ्यातलं चित्र नुसतं दिसणार नव्हतं, साठूनही राहणार होतं. पण डिस्क म्हणजे आणखी उष्णता, आणि आंबिवलीचा एप्रिल. म्हणून कॅरमच्या सोंगटीपेक्षा थोडा मोठा एक पंखा तिने डोंबिवलीहून आणला होता.

"बाण कुठल्या बाजूला आहे?" बाबांनी विचारलं.

"कुठला बाण?"

"पंख्याच्या कडेला असतो. हवा कुठे फेकणार ते दाखवतो. हवा आत कोंडू नको, बाहेर काढ."

बाण होता. तिने पंखा उलटा करून जाळीला स्क्रूने आवळला, वायर खोचली, झाकण लावलं. बारीक घुंऽऽ असा आवाज सुरू झाला. बाबांनी डब्यामागे तळहात धरला, येणारी हवा तपासली आणि समाधानाने मान हलवली.

"छान बसवलास. आता तुझ्या आईला चहा टाकायला सांग."

आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. "सांगते," म्हणून आसावरी उठली.

पहिले काही दिवस डबा दुपारीही चालला. मग पुन्हा बंद पडू लागला. दुपारी मोबाइलवर नुसता काळा चौकोन दिसे आणि चहाच्या वेळी हॉल पुन्हा उजळे. त्यानंतर तिने फोन केला की हौसाबाई म्हणत, "चालू हाय की, ताई. दिवा लुकलुकतोय." आसावरीला वाटलं, वायर नीट बसली नसेल. शनिवारी जाऊन बघू.

गुरुवारीच हौसाबाईंचा फोन आला. आवाज चढलेला. "ताई, दादा गेलेले. मिळाले, मिळाले, घाबरू नका! माझा जरा डोळा लागलेला, उठते तर दार सताड उघडं. रिक्षा स्टँडवर सापडले. रिकाम्या रिक्षात बसून डायवरला चल चल म्हनत होते. तो इचारतोय, काका, कुठं? तर हे म्हनतात, तू चालव तर खरं."

"बरे आहेत ना?"

"बरे हायेत. आता शिरा मागतायत."

आसावरीने फोन ठेवला आणि समोरच्या खातेदाराला कुठे सही करायची ते दाखवलं. मग पुढच्याला बोलावलं. आपण घाबरायला हवं होतं, हे मात्र तिच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती आंबिवलीला गेली. बाबा आंघोळीला गेलेले असताना तिने डिस्कवरची चित्रं टीव्हीवर लावली. हौसाबाई हातातलं कापड घेऊन मागे उभ्या राहिल्या.

गुरुवारची दुपार. हौसाबाई जेवून आतल्या खोलीत आडव्या झालेल्या. बाबा खुर्चीतून उठतात. आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन वर पंख्याकडे बघतात, खाली झोपलेल्या हौसाबाईंकडे बघतात आणि पाय न वाजवता परत येतात. तो पंखा तसाच चालू. मग हॉलच्या मधोमध थांबतात. कान देतात. इकडे बघतात, तिकडे बघतात. कॅमेऱ्याखालच्या डब्याजवळ येऊन वाकतात. त्यांचा चेहरा पडदाभर होतो, चष्म्याच्या काचेत कॅमेऱ्याचा लाल ठिपका. नंतर भिंतीवरच्या बोर्डाकडे हात जातो आणि चित्र संपतं.

तिने बुधवार लावला. तेच. मंगळवार, तेच.

"अगो बाई," हौसाबाई म्हणाल्या, "म्हंजे दादाच बटन बंद करतात व्हय! मी उठले की लावते. मला वाटलं मीच चुकून दाबलं."

बाबा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले.

"बाबा, दुपारी हे बटण का बंद करता?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "खोलीत माणूस नाही आणि पंखा चालू? वीज काय फुकट येते?" मग तिच्याकडे रोखून बघत म्हणाले, "आसू, लहानपणापासून सांगतोय तुला."

लहानपणापासून खरंच सांगत होते. मोहन्याच्या क्वार्टरमध्ये त्या एका वाक्याखातर ती जेवणावरून उठून बटण बंद करून आली होती.

गॅलरीत जाऊन तिने मुकुलला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे ताई, तू पंखा बसवला नसतास तर..."

"तर डबा तापून बंद पडला असता."

"मग वायर डायरेक्ट जोडून घेऊ. बटणच नको."

"मुकुल, काल कॅमेरा चालू असता तरी मी काय करणार होते? काउंटरवर होते. फोन पर्समध्ये होता."

खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती.

"ठरलंय ना आपलं," तो हळूच म्हणाला.

"हो. ठरलंय."

जेवताना तिने बाबांना सांगितलं. घास संपू दिला आणि सांगितलं. "बाबा, उद्या ठाण्याला जायचं. माझ्याकडे. राहायला."

त्यांनी भात कालवायचं थांबवलं. ते रागावतील, नाही म्हणतील, असं तिला वाटलं होतं, त्याची उत्तरंही तिने तयार ठेवली होती. त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं.

"आणि हौसाबाईंचं काय?"

आतला नळ बंद झाला. आसावरीने याचा विचारच केला नव्हता.

"माझं काय मेलं," हौसाबाई आतूनच म्हणाल्या. "मोहन्यात पन्नास म्हातारे हायेत. देवानं कुनी ना कुनी बसवून ठेवलंय माझ्यासाठी." मग त्या दारात आल्या. ओले हात पदराला पुसले. "ताई, गोळी दुधातून देऊ नका, थुकून टाकतात. पान्यासंगं द्या. आन् दुपारी एकटं ठेवू नका."

"नाही ठेवणार," आसावरी म्हणाली. सोमवारपासून दुपारी घरी कोण असणार, हे तिला ठाऊक नव्हतं.

शनिवारी सकाळी टॅक्सी आली. जिन्यात हौसाबाई बाबांकडे तोंड करून उलट्या उतरत होत्या, एकेक पायरी, त्यांचे दोन्ही हात हातात धरून. "उजवा टाका, दादा. आता डावा. शाब्बास! लग्नात तरी असे चालला होतात का?"

"लग्नात ही कुठे होती?" बाबांनी मागे वळून आसावरीला विचारलं आणि सगळ्यांत आधी स्वतःच हसले.

हौसाबाईंनी त्यांना आत बसवलं, धोतराचा सोगा दारात अडकू नये म्हणून सावरला आणि दार लावलं. आसावरी पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसली. गाडी वळली, हौसाबाई मागे राहिल्या. बाबा बराच वेळ रस्ता बघत होते. शहाडचा पूल आला, गेला. त्यांनी तो ओळखला नाही.

मग ते पुढे वाकले आणि ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावून म्हणाले, "जरा सावकाश घे रे बाबा. पोरगी घाबरते गाडीत."

"हो काका," ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने वेग कमी केला.

आसावरीला असं घाबरल्याचं काही आठवत नव्हतं. बाबांनी तिचा हात घेऊन स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला आणि वरून आपला हात दाबून धरला. तिने तो तसाच राहू दिला.