करंजाचे तेल, माझे शून्य आणि शेषरावांची चंद्री

मी, तुळशीराम उकंडराव काळबांडे, वय वर्षे शहात्तर, राहणार आसेगावच्या अलीकडील एक लहान गाव, पूर्ण शुद्धीत आणि हाती चहाचा कप घेऊन निवेदन करतो की, बायोडिझेलवरील माझा तुलनात्मक अभ्यास एका म्हशीने फेटाळला.

हसू नका. हसण्यासारखे अद्याप काहीही घडलेले नाही.

माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंत झाले. त्यापुढील मी स्वतःच वाचून घेतले. छापील अक्षर दिसले आणि मी ते वाचले नाही, असे सहसा होत नाही. भज्यांखालचा कागदसुद्धा मी भजी संपल्यावर सरळ करून वाचतो. गावात मला सर्वजण ‘काकाजी’ म्हणतात. त्यांपैकी निम्मे आदराने म्हणतात.

तर झाले असे. आमच्या नाल्याच्या काठाने आणि ई-क्लास म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर करंजाची बरीच झाडे आहेत. उन्हाळ्यात शेंगांचा सडा पडतो आणि त्याला कोणीही विचारत नाही. गावात एक शेतकरी गट आहे. माझा सख्खा पुतण्या सुभाष हा त्याचा अध्यक्ष. गटाने हळद शिजवण्याचा वाफेचा कुकर घेण्यासाठी काही शिल्लक जमवून ठेवली होती. हळद उकरून पडलेली असावी आणि भाड्याचा कुकर दुसऱ्या गावी अडकलेला असावा, हे दुःख ज्याने सोसले नाही त्याला मी काय सांगावे?

आणि नेमका त्याच वेळी एका बायोडिझेल यंत्राच्या कंपनीचा प्रतिनिधी आमच्या समाजमंदिरात अवतरला. ऐन उन्हाळ्यात गळ्यात टाय! गावाने त्याचे नाव विचारलेच नाही. तो आजतागायत ‘टायवाला’च आहे.

“एंझाइम टेक्नॉलॉजी आहे सर! इकडून तेल टाका, तिकडून डिझेल घ्या!”

“एंझाइम म्हंजे काय जी?” सुभाषने विचारले.

“सूक्ष्म कामगार समजा. दिवसरात्र काम करतात.”

“अन चहापानी?”

“काही नाही!”

“मंग घेऊनच टाकू!” सुभाष म्हणाला.

मागच्या रांगेतून वत्सलाबाई उठल्या. नात्याने सुभाषच्या भावजय, आणि गटात सर्वांत जास्त हळद त्यांचीच. “काहून रे सुभाष, अन माह्या हयदीचं काय? यंदाबी लोकाइच्या कुकरची वाट पाहत बसू काय मी?”

“वयनी, डिझेल घरचं झालं की एक सोडून दोन कुकर घेऊ!”

“आंधी एक तं दाखव!”

या ठिकाणी मी उभा राहिलो. उपरणे सारखे केले. म्हणालो, “अध्यक्ष महाशय, कोणतेही यंत्र घेण्यापूर्वी उपलब्ध सर्व तंत्रज्ञानांचा आणि त्यांच्या खर्चाचा तुलनात्मक अभ्यास होणे अत्यावश्यक आहे.”

“करीन कोन थो अभ्यास?” सुभाषने विचारले.

सर्वांच्या माना हळूहळू माझ्याकडे वळल्या. मीही नम्रतेचा फार वेळ अपव्यय केला नाही.

पुढच्या सभेपर्यंत मी मोबाइलवर भिंग धरून वाचन केले. होय, मोबाइलवर भिंग. अक्षर मोठे करण्याची काही युक्ती त्यात आहे म्हणतात, परंतु भिंगाची मला सवय आहे. मग जुन्या कॅलेंडरची पाने उलटी करून, एकाला एक जोडून, मी एक भव्य तक्ता तयार केला. जोडण्यासाठी कणकेची दाट खळ शिजवली. आमच्या सौभाग्यवतींनी चुलीवरचे पातेले पाहिले.

“अवो, कणीक कायले नेली?”

“तंत्रज्ञानासाठी.”

“दोन पोळ्याचं तंत्रज्ञान झालं थे! आता तुमाले दोन कमी.”

त्या खळीकडे लक्ष असू द्या. मी तेव्हा दिले नाही.

सभेच्या दिवशी तक्ता भिंतीवर लावला आणि काठीने एकेक रकाना दाखवत मी बोलू लागलो. पहिली पद्धत कॉस्टिक सोडा आणि मिथेनॉलची. स्वस्त आणि झटपट. परंतु तेल जुने, आंबट झालेले असेल तर डिझेलऐवजी साबण तयार होतो. आणि करंजाचे तेल स्वभावतःच आंबटपणाकडे झुकणारे!

“साबनानं टॅक्टर धुऊ!” कोणीतरी म्हणाले. मी दुर्लक्ष केले.

दुसरी पद्धत दोन टप्प्यांची. आधी आम्ल वापरून तेलाचा आंबटपणा घालवायचा, मग कॉस्टिक वापरायचे. भांडे आम्लाला टिकणारे हवे, म्हणून थोडा खर्च जास्त. पण आमच्यासारख्यांना झेपणारा. तिसरी एंझाइमची. आंबट तेल चालते, ग्लिसरीन स्वच्छ मिळते. परंतु एंझाइम महाग, काम संथ, आणि मिथेनॉल जरा जास्त झाले की हे सूक्ष्म कामगार संपावर जातात. चौथीत काहीच मिसळावे लागत नाही. फक्त प्रचंड उष्णता आणि प्रचंड दाब.

“कुकरची शिटी उडाली तर वरण छतावर जाते,” मी समजावले. “येथे छतच जाईल.”

सभा हसली. टाळ्या पडल्या. येथेच मी खाली बसायला हवे होते! परंतु शेवटचा रकाना उरला होता, आणि तो माझा सर्वांत आवडता होता.

“आता मुख्य मुद्दा,” मी म्हणालो. “बायोडिझेलच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा तेलाचा असतो. पद्धत कोणतीही असो. आणि आपल्या गावी तेलाचा खर्च आहे...” मी काठी टेकवली. “शून्य!”

हिशेब माझ्या दृष्टीने निर्दोष होता. शेंगा झाडाखाली फुकट. गोळा करणारे आपणच. आणि गाळण्याची मजुरी? ती आमच्याकडे कोण देतो? जवस न्या, करडई न्या, तीळ न्या. तेल आपण आणायचे आणि मागे राहिलेली ढेप, म्हणजे पेंड, घाण्यावाल्याने ठेवायची. ढेप हीच त्याची मजुरी. हा रिवाज माझ्या आजोबांच्या काळापासून चालत आलेला आहे. मी तो न विचारता तक्त्यात बसवला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पण सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होता तो टायवाला.

“ग्रेट, सर! तेल फुकट असेल तर मग स्वस्त यंत्र कशाला? सगळी बचत आमच्या मशीनमध्ये घाला. सरांचाच तक्ता सांगतोय!”

“बराबर!” सुभाष उठला. “काकाजीच म्हंतात तेल फुकट हाये. मंग कंजुषी कायले? उद्या इसार देऊन टाकू.”

मी दोन टप्प्यांच्या पद्धतीचा पुरस्कार करण्यासाठी उभा राहिलो होतो, आणि माझेच शून्य त्या टायवाल्याने उचलून खिशात घातले होते! वत्सलाबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू मीच त्यांची हळद उचलून नाल्यात टाकली होती.

“काकाजी,” त्या म्हणाल्या, “तुमी कुकर वाचवाले उठले होते का बुडवाले?”

शून्य मागे घेणे हा एक मार्ग होता. परंतु भर सभेत टाळ्या घेतलेले शून्य मागे कसे घ्यायचे, सांगा? मला केवळ अवधी हवा होता. मी ताठ उभा राहून म्हणालो, “इसार देण्यापूर्वी प्रात्यक्षिक! एक पोते करंज गाळून पाहू. सर्वांच्या समक्ष.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सर्व शेषरावांच्या घाण्यावर हजर झालो. शेषराव माझे बालमित्र. वर्गात माझ्या मागे बसत आणि माझ्या पाटीवरून उत्तरे घेत. या गोष्टीचा सूड ते अजून घेत आहेत.

“करंज? माहा घाना कडू करता काय तुयशीराम?” ते ओरडले. मग म्हणाले, “बरं टाक. आज हंगामाचा आखरी दिवस हाये. उद्या घाना धुवाचाच हाये.”

घाणा फिरला. लालसर काळपट तेल डब्यात पडू लागले. वास असा, की टायवाल्याने टाय नाकावर धरला. त्या वस्तूचा उपयोग मला प्रथमच कळला. मी तक्ता गुंडाळून काखेत धरला होता. तेल पाहून माझा ऊर भरून आला.

“पाहिलेत? तेल तयार. खर्च शून्य. शेषराव, ढेप तुमची.”

“कायची ढेप?”

“ही. मजुरीच्या बदल्यात. रिवाजाप्रमाणे.”

शेषरावांनी ढेपेचा तुकडा उचलला, हुंगला आणि परत टाकला. “तुयशीराम, सरकीची ढेप म्हैस खाते. जवसाची ढेप बैल खाते. हे कोन खाईन?”

“जनावरे खातील.”

“कोनाचे?”

“कोणाचीही!”

“रोख मजुरी ठेव अन तुही ढेप घेऊन जाय.”

पहा, आता येथे कोणीही शहाणा मनुष्य थांबला असता. मी थांबलो नाही, कारण माझ्या बाजूने अचानक एक आवाज उठला. टायवाला! त्याला त्याच दिवशी इसार हवा होता.

“सर अगदी बरोबर बोलतायत! आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्येही ढेप पशुखाद्य म्हणून विकायची आहे. त्याच्यातूनच मशीनचे हप्ते निघतात!”

काल एकमेकांच्या विरुद्ध असलेले आम्ही दोघे आज खांद्याला खांदा लावून उभे होतो. मला थोडे बरेही वाटले. विद्वानांचे एकमत झाले होते!

“असं?” शेषराव म्हणाले. “मंग चंद्रीलेच इचारू.”

चंद्री ही शेषरावांची म्हैस. तिची ख्याती पंचक्रोशीत आहे. तिने लग्नाच्या मांडवाची झालर खाल्ली आहे. तिने शेषरावांची टोपी खाल्ली आहे, एकदा नव्हे. ग्रामपंचायतीच्या फळ्यावरील पाणीपट्टीची सूचना तिने खाल्ली, तेव्हा तर गावाने तिला हळदीकुंकू वाहिले होते.

अशी ही चंद्री आणून उभी केली. मी स्वतः घमेल्यात ढेप ठेवली. टायवाला शेजारी वाकून उभा राहिला. तिने मान खाली घातली. हुंगले. पुन्हा हुंगले.

आणि ती शिंकली! माणसाची शिंक काय ती. म्हशीची शिंक एकदा पाहावी! टाय गेला, शर्ट गेला, चष्मा गेला. मग तिने शांतपणे मान वळवली.

“भूक नसेल तिला,” टायवाला चष्मा पुसत म्हणाला.

“चंद्रीले? भूक नसंन?” शेषराव कमरेवर हात ठेवून म्हणाले. “जलमल्यापासून तिले थे सवय नाई!”

आणि मित्रहो, ते त्यांनी म्हणावे, तोच माझ्या काखेला झटका बसला. मागे वळून पाहतो तो चंद्री! तिच्या तोंडात माझा तक्ता! कणकेच्या दाट खळीने चिकटवलेला, पौष्टिक, तुलनात्मक तक्ता! मी एक टोक धरले, तिने दुसरे. ती उजवीकडून सुरुवात करत होती.

“काकाजी,” सुभाष हसून हसून घाण्याला टेकला, “तिनं शून्यच खाल्लं आंधी!”

शेवटचा रकाना गेला. मग दाब आणि उष्णता गेली. मग एंझाइम गेले. दोन टप्प्यांची पद्धत मी जिवाच्या आकांताने ओढली, पण तिथेच खळ सर्वांत जाड होती. माझ्या हाती उरला तो केवळ मथळा आणि खाली माझे नाव.

लोक हसत होते. हसल्या नाहीत त्या एकट्या वत्सलाबाई. त्या टायवाल्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“काहो, तुमच्या कागदात ढेप कोन खाते म्हंता?”

त्याने ओल्या पिशवीतून अहवाल काढला. “पशु... पशुखाद्य.”

“अन त्याच्यातूनच हप्ते भरा लागतात?”

“हो... म्हणजे, तसं धरलंय.”

“मंग आंधी थे खानारे पशू आना इथं. मंग इसार नेजा.”

“ऑफिसला विचारून कळवतो,” असे म्हणून तो मोटारसायकलवर बसला. ऑफिसने अद्याप कळवलेले नाही.

सुभाषने इसाराचे पाकीट उघडलेच नाही. ते तसेच सदऱ्याच्या आतल्या खिशात घातले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “काकाजी, गट वाचला. पन म्हशीनं वाचवला बरं, तुमी नाई.”

“अध्यक्ष महाशय,” मी मथळ्याची घडी घालत म्हणालो, “ती म्हैस तेथे कोणाच्या प्रात्यक्षिकासाठी उभी होती?”

त्याने कोपरापासून हात जोडले. मी आयुष्यात पुष्कळ वादविवाद जिंकलो, परंतु इतका निर्विवाद विजय मला कधी मिळाला नव्हता. एका सकाळी मी दोन चुकीचे हिशेब धुळीला मिळवले. त्यांतला एक माझा होता, हा तपशिलाचा भाग.

शेषरावांची मजुरी मी रोख दिली आणि ढेपेचे पोते घरी आणले. सौभाग्यवतींनी ते उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही.

“अवो, म्हैस नाई म्हंते अन मी ठेवून घेऊ?”

शेवटी वत्सलाबाईंनी ते नेऊन आपल्या हळदीच्या वाफ्यांत मिसळले. मुळे कुरतडणाऱ्या हुमणीने त्या वर्षी त्या वाफ्यांकडे पाठ फिरवली, अगदी चंद्रीसारखीच. मी लगेच वाचले; करंजाच्या ढेपेचा हा गुण पुस्तकांतही दिलेला आहे. त्याच पानावर दिलेला आहे, जे मी बायोडिझेलच्या घाईत उलटून पुढे गेलो होतो.

त्यानंतर गटाने बायोडिझेलचे यंत्र घेतले नाही. हळदीचा कुकर आला आणि पहिली हळद वत्सलाबाईंची शिजली. करंजाच्या शेंगा आता आम्ही ढेपेसाठी वेचतो, आणि शेषराव गाळण्याची मजुरी रोख घेतात. तक्ते मी अजूनही करतो. फक्त आता कागद खळीने चिकटवत नाही, दोऱ्याने शिवतो.