मागचं ओझं

ती मोटरसायकल शहाद्याजवळच्या एका जिनिंग कारखान्याच्या गोऱ्या मॅनेजरची होती. दुसरं महायुद्ध सुरू झालं, तो परत गेला आणि जाताना गाडी आमच्या शेठला देऊन गेला. शेठ म्हणजे आम्ही दोघं भाऊ ज्याच्या सिनेमात कामाला होतो तो. शहाद्यात त्यानं रुईचं एक रिकामं गोडाऊन भाड्यानं घेतलं होतं. तिथं पत्र्याखाली रोज खेळ व्हायचे. सारंगखेड्याला दत्ताची यात्रा भरली की तिथं काळ्या कापडाचा दुहेरी तंबू लागायचा आणि दुपारचा खेळसुद्धा चालायचा.

गाडी फार मोठी होती. आडवी पडली तर एकट्या माणसाला उभी करता येत नसे. दोन सिलिंडर, म्हशीच्या पोटासारखी टाकी आणि हात ताणून धरावं लागणारं रुंद हँडल. मॅनेजर तिच्यावर एकटा बसून लांब लांब फिरायला जायचा. ती होतीच त्यासाठी. आमच्याकडे आल्यावर तिच्यावर ओझं चढलं.

त्याचं कारण असं. सिनेमाची प्रत एकच भाड्यानं मिळायची आणि खेळ दोन ठिकाणी लावायचे असायचे. म्हणून शहाद्याचा खेळ आधी सुरू व्हायचा. अर्धा झाला की तेवढी रिळं पत्र्याच्या पेट्यांत भरून माझा मोठा भाऊ मोटरसायकलवरून सारंगखेड्याला आणायचा. तिथं मी मशीनवर. माझा अर्धा खेळ संपेपर्यंत त्यानं उरलेली रिळं आणायची. उशीर झाला की पडदा पांढरा आणि लोक शिट्ट्या मारायचे. त्यामुळे भाऊ गाडी पळवायचा. त्याला ती पळवायला आवडायचीही, हे खरं आहे.

पेट्या एका फेरीत याव्यात म्हणून शेठनं लोहाराकडून मागे एक पिंजरा करून घेतला. तो मागच्या चाकाच्याही मागे निघालेला होता. त्यात पेट्या आणि वर तंबूतल्या इंजिनासाठी तेलाचा डबा. सगळं मिळून मणभर तरी व्हायचं.

यात्रा लागली त्या दिवशीच भाऊ मला म्हणाला, "गाडी हालस रे."

"कशी हालस?"

"मांगेतून कोनी तरी शेपटी धरीसन हालाडस ना, तशी. हळू जावं तं काहीच नही. काटा पन्नासना पुढे गया का सुरू."

मी मशीनवरचा माणूस. मी चाकं बघितली, स्पोक बघितले, मागचा आस हलवून पाहिला. सगळं घट्ट होतं. मी रिकामी गाडी रस्त्यावर नेली. पन्नास, पंचावन्न, पुढेही. गाडी रुळावरून चालल्यासारखी सरळ गेली. मी परत येऊन तसं सांगितलं. हँडलच्या मध्यावर एक काळी गोल मूठ होती, ती आवळली की हँडल जड व्हायचं. भाऊनं ती आवळली आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा अर्धा खेळ संपला आणि भाऊ आला नाही.

पडदा पांढरा झाला. लोकांनी आधी शिट्ट्या मारल्या, मग माती फेकली. शेठ पडद्यासमोर हात जोडून उभा राहिला. मी मशीनशेजारी उभा होतो. किती वेळ गेला माहीत नाही. मग तंबूची कनात वर करून एक गाडीवान आत आला. त्याच्या डोक्यावर आमची पेटी होती. पत्रा चेपलेला होता.

"हाई तुमनी शे ना?" तो म्हणाला. "आनखी शेतस गाडीवर. तो मानूस बी शे."

भाऊ बैलगाडीत कापसाच्या ओझ्यांवर पडला होता. शुद्धीत होता. कपाळावरून रक्त येऊन वाळलं होतं. उजवा हात शेजारी ठेवल्यासारखा पडला होता. गाडीबरोबर कापूस वेचणारी एक बाई चालत आली होती. तिनं पाहिलं होतं. ती मला सांगत होती की रस्त्यावर घोड्यांचा एक तांडा यात्रेला चालला होता. भाऊ हळूहळू त्यांच्या पुढे निघाला. धूळ मागे राहिली तेव्हा त्यानं गाडी जोरात सोडली.

"मंग मोटरनी कंबर हालाले लागनी," ती म्हणाली. "इकडे, तिकडे. आनी एकदम मुंडकं झटकं तिनी, बैल झटकस तसं. हाऊ बापडा उडीसन आम्हना पऱ्हाटीमा पडना."

मी ऐकत होतो. मला आठवतं की तिच्या ओटीत कापूस होता आणि बोंडाचा एक वाळका काटा तिच्या लुगड्याला अडकला होता. तो काढावा असं मला वाटत होतं. दुसरं काही वाटत नव्हतं.

भाऊ म्हणाला, "मन्हा हात कोठे शे?"

"शे ना. हाऊ दख." मी त्याचा उजवा हात उचलून त्याला दाखवला. हात गरम होता. त्यानं त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघितलं.

मी हात खाली ठेवला.

आम्ही त्याला प्रकाशा गावाजवळ नदी ओलांडून नंदुरबारला नेलं. डॉक्टरांनी खांदा बघितला, मान बघितली, टाचणी घेऊन बोटांपासून वर वर टोचत गेले. भाऊ छताकडे बघत होता. कोपराच्या बऱ्याच वर, खांद्याजवळ टाचणी गेली तेव्हा त्यानं डोळे मिटले. डॉक्टर म्हणाले, हाड मोडलेलं नाही. मानेपासून हातात येणाऱ्या शिरा ओढल्या गेल्या आहेत, बहुतेक तुटल्या आहेत. परत जोडल्या जातील का, असं मी विचारलं. त्यांनी हात धुतले, पुसले आणि म्हणाले, "वाट बघा."

वहिनी दुसऱ्या दिवशी आली. ती रडेल म्हणून मी बाहेर उभा होतो. ती रडली नाही. तिनं त्याच्या सदऱ्याची बटणं काढली, आतला हात स्वच्छ पुसला, एकेक बोट पुसलं आणि बटणं परत लावली. मग मला म्हणाली, "तुम्ही काही खाल्लं का?"

गावात लोक बोलले ते नेहमीसारखं बोलले. कुणी म्हणालं त्या वळणाच्या चिंचेत काहीतरी आहे. तिथं वळण नव्हतं आणि चिंचही नव्हती, रस्ता सरळ होता. शेठ म्हणाला, मोहाची घेतली असणार. तो रागानं म्हणाला नाही, समजुतीनं म्हणाला, यात्रेत माणूस घेतोच. भाऊच्या कानावर हे गेलं. तो घरी ओट्यावर बसलेला होता, हात गळ्यातल्या झोळीत.

"मी पेयेल नव्हतू," तो मला म्हणाला.

"माले माहीत शे."

"तुले काय माहीत? तू मांगे व्हता का?"

मी नव्हतो. म्हणून मी गाडी दुरुस्त केली. पुढचं चाक धरणारा फाटा वाकला होता, तो लोहाराकडून सरळ करून घेतला, हँडल बदललं. मग पिंजऱ्यात पेट्या ठेवल्या, त्यांत रिळांऐवजी वाळू भरली, वर पाण्यानं भरलेला डबा बांधला. सकाळची वेळ होती. यात्रा उठून गेलेली, रस्त्यावर कुणी नव्हतं. मी त्याच सरळ रस्त्यावर गेलो आणि पेट्रोलची मूठ पिळत राहिलो.

मला भीती वाटली नाही. शौर्यानं नाही. तेव्हा काहीच वाटत नव्हतं, भीतीही त्यातच गेली होती.

चाळीसला गाडी चांगली होती. पन्नासच्या अलीकडे बुडाखाली काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. मग मागचा भाग डावीकडे गेला, सावकाश, आणि उजवीकडे आला, आणि पुन्हा. नदीत होडी डुलते तसं. हँडल माझ्या हातात शांत होतं. हलत होतं ते मागचं ओझं, आणि ते गाडीला आपल्यामागं ओढत होतं. काळी मूठ मी थोडी आवळली. डुलणं कमी झालं नाही, उलट वाढलं. आता भाऊनं काय केलं असेल ते मला कळलं. कुणीही तेच करील. पेट्रोल एकदम बंद करायचं. त्यानं वजन पुढे फेकलं जातं, पुढचं चाक दबतं आणि हँडल झटकायला लागतं. बाई म्हणाली होती, मुंडकं झटकलं.

मी ते केलं नाही. पेट्रोलची मूठ जराशीच सैल केली. छाती टाकीवर टेकवली, हात ढिले सोडले, गुडघ्यांनी टाकी धरली. गाडी आणखी तीन-चारदा डुलली, मग कमी, मग थांबली. मी कडेला उभा राहिलो. शेतात कापूस वेचणं चालू होतं. एक बाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. तीच होती की दुसरी, मला ओळखता आलं नाही.

घरी येऊन मी भाऊला सांगितलं, "तू म्हने ते खरं शे. मांगेतून हालाडस."

त्यानं मान हलवली. मला वाटलं होतं की हे कळल्यावर काहीतरी सुटेल. त्याच्यात किंवा माझ्यात. काही सुटलं नाही. वहिनी आत भाकरी थापत होती, तो आवाज येत राहिला.

शेठला मी पिंजरा काढायला सांगितलं. तो म्हणाला, काढ. एवढंच. मी पिंजरा कापून काढला आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, जमेल तितक्या खाली आणि पुढे, चामड्याच्या दोन पिशव्या बांधल्या. रिळं पेट्यांतून काढून गोल डब्यांसकट त्यांत घातली. तेलाचा डबा प्रवासी नेणाऱ्या एका खाजगी मोटारीनं वेगळा पाठवायचं ठरलं. मी गाडी पळवून बघितली. डुलणं गेलं होतं.

भाऊ म्हणाला, "माले बी लई चाल."

वहिनी दारात उभी राहिली. पण नको म्हणाली नाही. मी त्याला मागे बसवलं, धोतराच्या पट्ट्यानं दोघांच्या कमरा बांधल्या, कारण त्याला एकाच हातानं धरता येत होतं. आम्ही सारंगखेड्याच्या रस्त्यानं निघालो. तो जिथं पडला होता ती जागा आली आणि गेली. मी काटा पन्नासच्या वर नेला. गाडी सरळ चालली होती.

"हालस का?" मी ओरडून विचारलं.

"आते हालत नही," तो कानाजवळ म्हणाला.

तेवढ्यात मला वास आला. आधी वाटलं क्लच जळाला. मग तो वास वेगळा आहे हे कळलं. गाडी हळूहळू थांबवून मी खाली बघितलं. त्याचा उजवा हात झोळीतून निसटला होता आणि मांडीखालून मागे जाणाऱ्या धुराच्या नळीवर टेकला होता.

"तुन्हा हात जळी ऱ्हायना!"

त्यानं खाली बघितलं. डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. तळव्याची कातडी सुटली होती. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, दुखण्याची एक रेघ नव्हती.

"माले समजनंच नही," तो म्हणाला.

मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि तिथं, इतक्या दिवसांनी, मला हुंदका आला. तो फार वेळ टिकला नाही. भाऊ शेजारी उभा राहून डाव्या हातानं माझी पाठ थोपटत होता. मग आम्ही घरी गेलो. वहिनीनं जखमेवर खोबरेल लावलं.

हात परत आला नाही. वर्षभरात तो वाळून बारीक झाला. भाऊ तंबूच्या दारावर तिकिटं फाडायचा, एक टोक दातात धरून. नंतर पेट्रोल मिळेनासं झालं आणि शेठनं गाडी ब्राह्मणपुरीच्या एका गुळाच्या व्यापाऱ्याला विकली. तो न्यायला आला तेव्हा ओझं कुठं बांधायचं, कुठं बांधायचं नाही आणि डुलायला लागली तर काय करायचं नाही, हे मी त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि गाडी रॉकेलवर चालते का असं विचारलं. भाऊनं पायानं किक मारून गाडी सुरू करून दिली. व्यापारी गेला. बाजारापर्यंत तिचा आवाज ऐकू येत होता, मग बाजारातल्या आवाजात तो मिसळला. वहिनीनं जेवायला बोलावलं. आम्ही आत गेलो आणि जेवायला बसलो.