अठराव्या पानावरचं रानगवत

रिपोर्टच्या अठराव्या पानावर माझी सही हवी होती. त्या पानावर लिहिलं होतं, ‘जागा कोरडी. सर्वत्र रानगवत. पाणथळ वनस्पती आढळल्या नाहीत.’ खाली माझं नाव आणि पुढे ‘बॉटनी एक्स्पर्ट’. फक्त या एक्स्पर्टने ती जागा पाहिलेलीच नव्हती.

“मी साइटवर गेलेच नाही, सर.”

“फोटो आहेत ना, मॅडम,” भाटिया म्हणाला. “सब सूखा है. जाऊन काय बघणार?”

भाटिया माझा बॉस. वय माझ्या मुलाएवढं. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झाले आणि गुरुग्राममधल्या त्याच्या एन्व्हायर्नमेंट कन्सल्टन्सीत लागले. बिल्डरला टॉवर बांधण्याआधी पर्यावरणाचा रिपोर्ट द्यावा लागतो. तो आमची कंपनी लिहायची. बिल्डरला जे वाचायला आवडेल ते भाटिया आधी विचारून घ्यायचा, मग आम्ही त्याचा शोध लावायचो.

जागा होती एका हाउसिंग सोसायटीच्या मागची, गावाला लागून असलेली सखल जमीन. तिथे भराव घालून क्लब हाउस आणि पार्किंग करायचं होतं. तळं असेल तर भराव घालता येत नाही. म्हणून तळं नव्हतं.

मी फोटो मोठे करून पाहिले. पिवळी पडलेली, माणसाच्या छातीएवढी उंच काडं. एका मोडक्या काडाचं टोक स्पष्ट दिसत होतं. ते गोल नव्हतं. तिकोनी होतं.

गवताची काडी गोल, पोकळ असते आणि तिला पेरं असतात, बांबूसारखी. लव्हाळ्याच्या कुळातली काडी तिकोनी आणि भरीव असते, तिला पेरं नसतात. हे मी फर्स्ट इयरला पहिल्याच आठवड्यात शिकवायचे. जे पोरगं ते विसरायचं ते नापास व्हायचं. इथे ते बॉस झालं होतं.

दुसऱ्या दिवशी स्वतःच्या खर्चाने कॅब करून साइटवर गेले. एप्रिल संपत आला होता. जमीन भेगाळलेली. मधोमध एक बाई बसून खुरप्याने माती उकरत होती आणि गेटवरचा गार्ड तिला शिट्टी मारून हाकलत होता. मी गळ्यातलं ऑफिसचं कार्ड दाखवलं तसा तो गप्प झाला. कार्डावर काय लिहिलंय ते त्याने वाचलं नाही. गुरुग्राममध्ये कोणी वाचत नाही.

बाईचं नाव रामरती. शेजारच्या गावातली. टोपलीत सुपारीएवढ्या काळ्या, केसाळ गाठी.

“कसेरू है, बहनजी,” ती म्हणाली. “खाओगी?”

तिने एक गाठ पदराला पुसली, दाताने साल काढली आणि माझ्या हातावर ठेवली. आत पांढरीशुभ्र. कुरकुरीत, किंचित गोड, ओल्या नारळाच्या जवळपास जाणारी. दिल्लीत हातगाडीवर मिळते. पुष्कळांना ती शिंगाड्याची बहीण वाटते. तसं काही नाही. शिंगाडा हे पाण्यावर तरंगणाऱ्या वेलीचं फळ. कसेरू हा चिखलातला कंद, त्याच तिकोनी काडांच्या मुळाशी येणारा, नागरमोथ्याच्या नात्यातला. मराठीत याला कचेरा म्हणतात.

“पाणी कधी असतं इथे?”

“सावन से माघ तक. कमर तक.” तिने कमरेवर हात ठेवून दाखवला. “पाणी उतरलं की आम्ही खणतो. माझी सासूही इथेच खणायची. आता हे बिल्डरवाले म्हणतात, इथे तलाव कधी नव्हताच.”

मी एक काड कापलं. आत नळीसारखी पोकळी नाही, स्पंजासारखे हवेचे बारीक कप्पे. मुळं पाण्याखालच्या चिखलात गुदमरतात, म्हणून हे झाड वरची हवा या कप्प्यांतून खाली पोचवतं. हातभर खणलं तर माती करडी, आणि जुन्या मुळांभोवती गंजासारखे तांबडे ठिपके. महिनोन्‌महिने पाणी साचल्याशिवाय माती अशी होत नाही. पाणी उडून जातं, माती विसरत नाही. विसरण्याचं काम कन्सल्टन्सीकडे असतं.

घरी आल्यावर यांना सांगितलं. हे केंद्र सरकारच्या नोकरीत आयुष्यभर फायली पाहिलेले.

“सही करू नकोस,” हे म्हणाले. “आणि नवीन नोकरी शोधायलाही लागू नकोस. या वयात तुला कोणी देणार नाही.”

मी सही केली नाही. भाटियाने दोन दिवस समजावलं, तिसऱ्या दिवशी आवाज चढवला. शेवटी त्याने अठरावं पान तसंच ठेवून फक्त माझं नाव काढलं आणि रिपोर्ट धाडला. मी त्याच दिवशी माझी निरीक्षणं, फोटोंसकट, मंजुरी देणाऱ्या समितीला माझ्या नावाने पाठवली.

समिती साइटवर आली. मला बोलावलं होतं. बिल्डरचा प्रोजेक्ट हेड सेठी पांढरे बूट घालून आला होता.

“मॅडम, ये तो कचरा है,” तो काडांकडे हात करून म्हणाला.

“कचेरा,” मी म्हणाले. “एका मात्रेची चूक आहे तुमची.”

समितीत एक म्हातारे इंजिनियर होते. मी त्यांच्या हातात काड दिलं आणि चिमटीत फिरवायला सांगितलं. त्यांनी फिरवलं. तिन्ही कडा बोटांना लागल्या. मग रामरतीने खणलं. पहिल्याच खुरप्याला चार कंद. इंजिनियरनी एक उचलून रुमालाला पुसला आणि खाल्ला.

“लहानपणी खूप खाल्लेत,” ते म्हणाले. मग सेठीकडे वळले. “हे पाण्याशिवाय येतं का हो?”

सेठी बुटांवरची धूळ झटकायला लागला. भाटियाला अचानक फोन आला, जो वाजला नव्हता.

भरावाची परवानगी नाकारली गेली. मला आठवड्याभरात काढलं. कारण लिहिलं होतं, ‘टीम स्पिरिटचा अभाव’. ते मात्र खरं होतं.

पण सेठी हरणारा माणूस नव्हे. तळं ठेवायचंच आहे तर मिरवूया, म्हणून त्याने ‘इको लेक’ केला. काठ सिमेंटने बांधले, कसेरू तण म्हणून उपटलं आणि नर्सरीतून ‘अंब्रेला पाम’च्या कुंड्या आणून मांडल्या. तो पाम नव्हेच. तोही लव्हाळाच, फक्त परदेशी आणि खाता न येणारा. उद्घाटनाला भाटियाने जैवविविधतेवर भाषण दिलं, असं कळलं.

पुढच्या मार्चमध्ये मी बघायला गेले. वाटलं होतं, सगळं संपलं असेल. सोसायटीतून दिसणाऱ्या तीन बाजू सिमेंटच्या होत्या. चौथी, गावाकडची बाजू दिसत नव्हती, म्हणून तिथे खर्च वाचवला होता. तेवढ्या पट्ट्यात चिखल होता, तिकोनी काडं होती आणि रामरती सुनेला घेऊन खणत होती.

पर्यावरण कायद्याने वाचतं असं मी तीस वर्षं वर्गात सांगत आले. अर्धी चूक होती. उरलेलं अर्धं बिल्डरच्या कंजूषपणाने वाचतं.