कशाची गाडी?

आमच्या युनिटच्या गेटवरचा संत्री प्रत्येक गाडीला एकच प्रश्न विचारायचा. "किसकी गाडी?" राशनची असेल तर राशन म्हणायचं, दवाखान्याची असेल तर दवाखाना. माझी जीप गस्तीची. गस्तीला इंग्रजीत पॅट्रोल म्हणतात, पण आमच्यात सुभेदार मेजरपासून धोब्यापर्यंत सगळे पेट्रोलच म्हणायचे. तीन वर्षं मी दिवसातून दोन-चार वेळा खिडकीतून "पेट्रोल" म्हटलं आणि बॅरियर वर गेला. जीप चालायची डिझेलवर. त्यात कधी कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते उमरग्यात.

मी चंदगडकडचा. नववीत शाळा सुटली, मग फौजेत ड्रायव्हर झालो. आज चार माणसांत मान आहे तो त्यामुळं. आणि ड्रायव्हर झालो तो हवालदार दत्ता उस्तादांमुळं. पहिल्या टेस्टमध्ये मी जीप उलटी घेताना कंपनीच्या लंगरची, म्हणजे स्वयंपाकघराची, भिंत पाडली होती. माझं नाव कटणार होतं. उस्ताद टेस्ट घेणाऱ्या साहेबांना म्हणाले, "सर, दीवार कच्ची थी." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला रोज दोन तास जास्त चालवायला लावलं. ते लोहारा तालुक्यातले. मला मराठी ऐकायला मिळायची ती त्यांचीच. "काय करायलास? क्लच सोड की. लई दाबून धरायलास."

त्यांचा एक नियम होता. टाकीत काही ओतायच्या आधी कॅनला नाक लावायचं. वास घ्यायचा, मगच ओतायचं. "हा फौजेचा उसूल हाय," म्हणायचे. मी तो ड्रायव्हिंगच्या पुस्तकात शोधला. सापडला नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

उस्ताद वर सरहद्दीवर, बर्फात रस्ता मोकळा करताना गेले. त्यांच्या मागच्या गाडीत मी होतो. त्याबद्दल जास्त लिहिता येत नाही.

पुढच्या हिवाळ्यात युनिट सरहद्दीवरून खाली हैदराबादेकडं, पीस स्टेशनच्या छावणीत आलं. उस्तादांच्या गावानं शाळेसमोर त्यांच्या नावाचा चौथरा बांधला होता. वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता पुष्पचक्र आणि बिगुल, असं ठरलं. युनिटची पार्टी तिघांची. सुभेदार साहेब हिमाचलचे. बिगुलर नायक मुरुगन तामिळनाडूचा. तिसरा मी, कारण मराठी बोलणारा मी एकटाच. साहेबांनी निघताना बजावलं, "बातचीत सब तू करेगा." मी पहाटे साडेचारपासून मनात वाक्यं जुळवत होतो. उस्तादांच्या आईला काय बोलायचं, हे काही जुळत नव्हतं.

सोबतच्या डिझेलच्या दोन जेरीकॅनपैकी एक वाटेत गळका निघाला, दुसरा ओतून संपला. म्हणून आठ चाळीसला उमरग्यात हायवेच्या एका पंपावर थांबलो. सुभेदार साहेब आणि मुरुगन पलीकडं चहाला गेले. मी मागचं दार उघडून पुष्पचक्रावर पाणी शिंपडत होतो. फुलं सुकायला लागली होती. पाठीमागून पंपावरच्या माणसानं विचारलं,

"भाऊ, कशाची गाडी हाय?"

बोलणं अगदी उस्तादांसारखं. मी वळलोसुद्धा नाही. तीन वर्षांच्या सवयीनं तोंडातून गेलं, "पेट्रोल."

फौजेच्या जिप्सी पेट्रोलच्याच असतात, तेव्हा त्यालाही शंका आली नाही. टाकी भरली. पावती मी वर न बघता खिशात घातली. कॅनमधून ओतायचं नव्हतं म्हणून नाकही लावलं नाही.

नऊ वाजून दहा मिनिटांनी, लोहारा रोडला सात किलोमीटरवर, इंजिन खडखडलं. दोन आचके दिले आणि बंद. सेल्फ मारला. नुसता घरघर आवाज. खाली उतरून मी टाकीचं टोपण काढलं आणि नाक लावलं.

"क्या हुआ?" साहेबांनी विचारलं.

"सर, पेट्रोल है."

"हां, पेट्रोल की गाडी है. खराबी क्या है?"

"सर, यही खराबी है."

साहेबांना समजायला अर्धा मिनिट लागला. मी खिशातून पावती काढून दाखवली. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि मला परत दिली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ते फक्त घड्याळाकडं बघून म्हणाले, "ग्यारह बजे माँ खडी होगी वहाँ." तोवर मला चार्जशीटचं भय होतं, ते एकदम मागं पडलं.

मुरुगन मोडक्या हिंदीत म्हणाला, "मैं दौडके जाएगा सर. बिगुल लेके."

"तेईस किलोमीटर?" साहेबांनी विचारलं.

"टाइम लगेगा सर."

रस्त्यावरून जाणाऱ्या काळी-पिवळी जिपा खचाखच भरलेल्या. एक एसटी थांबली, पण पुष्पचक्र दारातून आत जाईना. उभं घातलं, आडवं घातलं. कंडक्टर म्हणाला, "मी टपावर घेतो, पर वाऱ्यानं फुलं ऱ्हानार न्हायती." साहेबांनी "नहीं" म्हणून मान हलवली. एसटी गेली.

नऊ चाळीसला एक ट्रॅक्टर आला. मागं दोन रिकाम्या ट्रॉल्या, ढोकीच्या बाजूला ऊस भरायला निघालेला. त्याच्यावरचा स्पीकर आम्हाला एक किलोमीटर आधीपासून ऐकू येत होता. ड्रायव्हरनं आमची वर्दी बघितली, पुष्पचक्र बघितलं आणि गाणं बंद केलं.

"काय झालंय, फौजी?"

मी सांगितलं. त्याला हसू आलं, पण त्यानं तोंडावर रुमाल धरला. मग म्हणाला, "दत्ताच्या कार्यक्रमाला निघालाव व्हय? बांधा दोर. गावावरूनच जायचंय मला."

आणि आम्ही निघालो. पुढं ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, त्यांच्या मागं दोराला आमची जीप. स्टिअरिंगवर मी. शेजारी सुभेदार साहेब, मेडल लावून, ताठ. मागं मुरुगन पुष्पचक्र मांडीवर धरून. वाटेत शाळेतून मुख्याध्यापकांचा फोन आला.

"कुठपर्यंत आलाव?"

"सर, ट्रॅक्टरच्या मागं आहोत."

"मग मारा की ओव्हरटेक. लोकं जमल्यात."

"ओव्हरटेक जमत नाही, सर. दोरानं बांधलंय."

पलीकडं त्यांनी ते कुणाला तरी सांगितलं. मग ते म्हणाले, "बरं. सावकाश या."

दहा त्रेपन्नला गावात शिरलो. पोरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झेंडे घेऊन उभी. त्यांना वाटलं ट्रॅक्टरही मिरवणुकीतलाच. त्यांनी आधी ट्रॅक्टरवाल्याला सॅल्यूट ठोकला. त्यानं डोक्याची टोपी काढली आणि बसल्या जागी मान खाली घातली. साहेब माझ्याकडं न बघता म्हणाले, "ड्रिल ठीक है."

अकरा वाजता पुष्पचक्र वाहिलं. मुरुगननं बिगुल वाजवला. उस्तादांची आई चौथऱ्याशेजारी उभी होती. बारीक अंगाची, डोक्यावर पदर. शेवटपर्यंत हलली नाही.

दुपारी मी शाळेच्या पटांगणात टाकी रिकामी करत होतो. फिल्टर काढला, पाइप फुंकला. चौघंजण बिड्या विझवून लांब उभे राहून सल्ला देत होते. एक म्हातारा बाटली घेऊन आला होता, थोडं द्या म्हणत होता, कशाला ते सांगत नव्हता. तेवढ्यात आई आली. माझ्यासाठी ताटात जेवण आणलं होतं.

"काय बिघडलं रं लेकरा?"

पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. मी खरं तेच सांगितलं. उमरगा, "कशाची गाडी," पेट्रोल, सगळं. आणि म्हणालो, "आई, उस्तादांनी शिकवलं होतं नाक लावायला. फौजेचा उसूल आहे. मी विसरलो."

तिनं ताट बाजूला ठेवलं. मग खाली बसली, पदर तोंडाला लावला आणि हसायला लागली. खांदे हलत होते. मला आधी वाटलं रडायलीय.

"कशाचा फौजेचा? सातवीला व्हता तवा. हिरीवरच्या डिझेल इंजनात फवारणीच्या पंपाचं पेट्रोल ओतलं त्यानं. इचारलं तर म्हनला, शेळीनं ओतलं."

"शेळीनं?"

"व्हय. मग त्याच्या बापानं म्हयनाभर घरातल्या हरेक डब्याला नाक लावाय लावलं. रॉकेलच्या, तेलाच्या, दह्याच्यासुद्धा." ती डोळे पुसत म्हणाली, "तुला फौजेचा म्हनून सांगितलं व्हय. लबाड लेकाचा."

वर्षभरात ती पहिल्यांदा हसली, असं मुख्याध्यापकांनी मला नंतर सांगितलं.

युनिटमध्ये सुभेदार साहेबांनी रिपोर्ट तीन ओळींचा दिला. वाटेत इंधनाचा बिघाड, पार्टी वेळेवर पोहोचली, ड्युटी पूर्ण. माझं नाव त्यात नव्हतं. मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, "दीवार कच्ची थी." म्हणजे ती गोष्ट त्यांनाही ठाऊक होती.

आता मी रिटायर झालोय. घरापासून लांब, एका शाळेची बस चालवतो. पंपावर गेलो की खाली उतरतो, मोठ्यानं "डिझेल" म्हणतो आणि नोझलला नाक लावतो. पंपावरचे लोक हसतात. दर साली त्या दिवशी मी रजा काढून लोहाऱ्याला उतरतो आणि तिथून गावात जातो. आई आता काठी घेऊन चालते. चौथऱ्यावर उस्तादांचं नाव, खाली रँक. हार हातात घेतला की ती विचारते,

"नाक लावलंस का रं?"

मी फुलांचा वास घेतो. "लावलं, आई."

"मग घाल."

आणि मी हवालदार दत्ता उस्तादांना हार घालतो.