चार बोटांची जागा

बोट उतरवून रिकाम्या ट्रॉलीवर मडगार्ड बसवण्याची चूक मी आयुष्यात दोनदा केली. पहिल्या चुकीनं अप्पा भेटले. दुसरी केली तेव्हा त्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते...

नांदेडला आम्हा पोहणाऱ्यांची, पुरात न्यायची एक रबरी बोट आहे. तिच्या ट्रॉलीची मडगार्डं आधी मीच बसवली होती, टायरला चिकटून, अगदी देखणी. वर बोट आणि इंजिन चढलं, स्प्रिंगा दबल्या, आणि नायगावच्या अलीकडे घासून घासून टायर फुटला. समोरच अप्पांचं वेल्डिंगचं दुकान. मूळचे उदगीरचे, कपाळावर भस्माचे पट्टे. खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "उपाशीपोटी माप घेतलं व्हय, सायब? जेवल्यावर पोट सुटतंय की!"

ठिणग्यांमुळं बोट लांब ठेवावी लागे, म्हणून तिच्या वजनाच्या जागी ते ट्रॉलीवर माणसं बसवत. "कूड्री, कूड्री", बसा बसा, असं कानडीत म्हणत मला उजव्या चाकाच्या बाजूला बसवायचे, डावीकडे स्वतः. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटं घालायची, आणि बसल्या जागेवरूनच वाकून टाका मारायचा. दर पावसाळ्याआधी आमची ही बैठक ठरलेली.

ते गेल्याचा फोन आला तेव्हा मी पाण्यात होतो. मातीला पोचलो नाही. लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवूनच समाधी दिली, असं नंतर कळलं. अप्पा अजून कुठंतरी मांडी घालून बसलेत, हे काही डोक्यातून जाईना...

मग पूर आला. एका वाडीतली माणसं शाळेच्या गच्चीवर अडकली होती. बोट घेऊन निघालो, आणि घाईत मी डावं मडगार्ड पुलाच्या कठड्याला घासून उपटलं. अप्पांच्या बायकोनं, काकूंनी, दुकानाचं शटर उघडून दिलं. सोबतचे दोघं बोट घेऊन रस्त्यापलीकडे थांबले. मी एकट्यानं पत्रा ठोकून सरळ केला, चार बोटं घातली, टाके मारले. मशीन बंद केलं. भर दुपारी, त्या शांततेत डावी स्प्रिंग करकरली आणि ट्रॉलीची ती बाजू सावकाश वर आली. गुडघ्यावर हात टेकून कुणी उठावं, तशी. मडगार्डखाली आता वीतभर जागा.

तेव्हा ध्यानात आलं, ट्रॉलीवर मी कुणाला बसवलंच नव्हतं.

दोघांना हाक मारून बोट चढवून घेतली. परत मोजलं. बरोबर चार बोटं. संध्याकाळपर्यंत गच्चीवरची सगळी माणसं अलीकडं आली. टायर कुठंच घासला नाही.

ते मडगार्ड मी अजून रंगवलेलं नाही. ट्रॉलीवर डाव्या चाकाच्या बाजूला कुणाला बसूही देत नाही. त्या दिवशी परतताना काकूंना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बसणारच की. तुमच्या एकट्याच्या कामावर त्यांचा कवा इस्वास होता?"