रुंद झालेला बांध

दिगंबरचा फोन आला तेव्हा मी येडशीच्या घरी ज्वारी निवडत बसले होते. "आक्का, अण्णा गेले," तो म्हणाला आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "कुठं?" रडू नंतर आलं. आधी मी धाकट्या भावाची उलटतपासणीच घेतली. कधी, कसे, डॉक्टर आला होता का, जवळ कोण होतं... सकाळचा चहा घेऊन खाटेवर बसले आणि बसल्या जागी मान कलली, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. आमच्या घरात कुणी कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही. भाजीवाल्याच्या तराजूपासून सोयरिकीपर्यंत सगळं पारखून घ्यायचं, ही आईची शिकवण. थोरले भाऊ म्हणून अण्णांच्या वाट्याला ती जरा जास्तच आली होती, आणि पुढे फौजेने तिला धार लावली. त्यांना जाऊन महिना उलटला, तरी ते खरोखरच गेले यावर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही.

सीमेवर गस्त घालताना पायाखाली सुरुंग फुटला आणि अण्णांचे दोन्ही डोळे गेले, उजव्या हाताची बोटं गेली. पुण्याच्या दवाखान्यात मी भेटायला गेले तर त्यांनी आधी माझं मनगट मागितलं. लहानपणी तव्याचा चटका बसून राहिलेला वण डाव्या हाताने चाचपला आणि मग म्हणाले, "व्हय, सुमीच हाईस. आवाज काय, कुणीबी काढतंय." मला संताप आला, आणि मग त्यांच्याच खांद्यावर डोकं टेकून मी ओक्साबोक्शी रडले. पुढे कित्येक महिने ते सगळं नव्याने शिकले. डाव्या हाताने जेवणं, दाढी करणं, काठीने रस्ता शोधणं. एकदा सहज बोलून गेले, "सुमे, सुरुंगावरची जमीन पायाला लई ग्वाड लागती. एकदम सपाट. तवापास्नं सपाट जाग्याचा मला भरवसा न्हाय." तेव्हा मी हे नुसतं ऐकून घेतलं.

गावी, जळकोटला परतल्यावर माणसं बघायला यायची आणि "ओळखा बरं, मी कोण?" असा खेळ मांडायची. अण्णा म्हणायचे, "ओळखत न्हाय. नाव सांगा, न्हायतर वाटंला लागा." किती पाहुणे असे रुसले त्याला गणती नाही. घरात आम्ही त्यांच्याविषयी त्यांच्यासमोरच हातवारे करून बोलायचो, तर मध्येच विचारायचे, "कुणाच्या बांगड्या बोलाय लागल्यात?" त्यांची बायको, मालनवहिनी तर घाबरून बांगड्या कोपरापर्यंत सारून ठेवायची. दिगंबरने अंगणापासून विहिरीपर्यंत धरून चालायला दोर बांधला, तो अण्णांनी विळ्याने कापून टाकला. "म्या काय दावणीचं जनावर हाय?" दया आणि फसवणूक या दोन्ही गोष्टी त्यांना सारख्याच वाटत.

त्यांचं मोकळं होणं एकच, सकाळचं बांधावरून चालणं. वडिलांनी रान दोघा भावांना सारखं वाटून दिलं होतं आणि मध्ये एक अरुंद, खडबडीत बांध होता. कुठं बाभळीचं मूळ आडवं येतं, कुठं कुंद्याच्या गवताचा झुबका आहे, हद्दीचा दगड कुठं, सगळं त्यांच्या पायांना पाठ. तिथं त्यांना कुणाचा हात लागत नसे. एकदा तपासणीसाठी ते काही आठवडे पुण्याला राहून आले आणि पहिल्याच सकाळी बांधावरून माघारी फिरले. मूळ नाही, कुंदा नाही, पायाखाली सगळा नवा चोपलेला मुरूम... सपाट. मला फोन आला, "दिग्यानं जुना बांध मोडून माझ्या रानात नवा घातला. आंधळ्याचा बांध, कोण बघतंय?"

आमच्याकडे बांध कोरणं काही नवं नाही. नांगरटीच्या वेळी थोडी थोडी माती आपल्याकडे ओढायची, आणि त्यापायी सख्ख्या भावांची डोकी फुटायची. त्यामुळे दिगंबरने असं केलं असेल यात मला अशक्य काही वाटलं नाही. मी त्याला विचारलं तर तो पठ्ठ्या म्हणतो, "जाऊन बघा म्हणावं की!" डोळे नसलेल्या माणसाला हा निरोप. आगीत तेलच ते. अण्णांनी सरकारी मोजणी आणायची भाषा सुरू केली, धाकट्याला दार बंद केलं आणि स्वतःही घराबाहेर पडेनात. शेवटी वहिनीचा फोन आला, "आक्का, ह्यांचं चालणं सुटलं, आता जेवणबी सुटाय लागलंय. दवाखान्यानं जगवलेला माणूस घरात बसून मरंल हो."

मी जळकोटला गेले आणि दोघा भावांना घेऊन रानात आले. अण्णांनी वहाणा काढल्या, काठी माझ्याकडे दिली आणि बांधावर गुडघे टेकून रांगायला लागले. मला ते बघवेना. हद्दीचा दगड हाताला लागला तसे थांबले. दगड जुनाच, जागचा हललेला नव्हता. त्यावर एक हात ठेवून दुसरा त्यांनी आपल्या रानाकडे लांबवला... बांध तिथंच संपत होता. मग दिगंबरच्या बाजूला हात लांबवला. मुरूम, पुढेही मुरूम, अगदी आडवे पडले तरी बांधाचा शेवट हाताला लागेना. धाकट्याने आपल्या रानात बैलगाडी जाईल एवढा बांध वाढवला होता.

"सांगायला तोंड नव्हतं का?" अण्णा तसेच पडल्या पडल्या ओरडले.

"सांगितलं असतं तर पाय ठिवला असता का तुमी? दोराचं काय केलं?"

अण्णा उठून बसले, हात झटकले. "उद्या तुझी पोरं हे रान माघारी मागतील."

"मागू द्या. तवर चाला."

"कडंला गवत तरी वाढू दे," अण्णा म्हणाले. "गवत असलं म्हंजी कळतंय, कुणी हात लावला न्हाय." दुसऱ्या दिवसापासून त्यांचं चालणं परत सुरू झालं, ते शेवटपर्यंत.

परवा मी जळकोटला गेले ती घरी न जाता थेट रानात. संशय, दुसरं काय! माणूस गेला, आता बांध जागेवर आला असणार... पण दिगंबरची नांगरट झाली होती आणि बांध तेवढाच होता, कडेच्या गवतासकट. मी चपला काढल्या, डोळे मिटले आणि चालायला लागले. हद्दीच्या दगडापर्यंतही पोचले नाही, तोच भीतीने डोळे उघडले. बघते तर दिगंबर खाली नांगरलेल्या तासातून माझ्या बरोबरीने चालत होता, अनवाणी, एक हात माझ्याकडे करून. मी बघितलं तसा त्याने हात मागे घेतला. "सवय लागलीय," म्हणाला.

"रोज असा चालायचास? अण्णांना माहीत होतं?"

"मला वाटायचं न्हाय. आवाज नको म्हणून तर चपला काढून यायचो." त्याने पायाने एक ढेकूळ फोडलं. "मग एक दिवस अण्णा, मान न वळवता म्हणले, दिग्या, चपला घालत जा रं. काटा मोडंल."